आत ओढलेला हो

कुइक्कालाम्पी, २ जून १९८६

प्रिय आर्वो,

गेल्या महिन्यात तू फोन केला होतास. तू "हं" म्हणालास, मी "हं" म्हणाले, मग आपण दोघंही बराच वेळ तारेतली खरखर ऐकत बसलो, आणि त्याचं बिल तुला आलं असेल. म्हणून या वेळी पत्र. पत्रात गप्प बसायचे पैसे पडत नाहीत.

आपलं नाचघर बंद पडायची वेळ आली आहे. तळ्याच्या पलीकडच्या काठावर हेलसिंकीच्या एका दातांच्या डॉक्टरने उन्हाळ्यापुरतं घर बांधलंय. त्याने नगरपालिकेत तक्रार केली की शनिवारी त्याला स्वतःच्या सौनात बसून स्वतःचे विचार ऐकू येत नाहीत. त्याचे विचार ऐकण्याजोगे असतील असं मला वाटत नाही, पण पालिकेला वाटलं. आता १९ जुलैला पुस्तिनेन नावाचा आरोग्य खात्याचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन येणार आहे. तो आपल्या धक्क्यावर उभा राहील. काटा मर्यादेच्या पुढे गेला की हात वर करील. तीनदा हात वर झाला की परवाना रद्द. परवाना गेला की नाचघराची लाकडं विकायची, दुसरं काय करणार? बाबांनी ते बांधलं तेव्हा न बोलावता अख्खं गाव ताल्कोतला, फुकट हात लावायला, आलं होतं. वाटाण्याच्या सुपावर राबून त्यांनी ती जमीन घातली. त्या फळ्या मी कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागू देणार नाही.

सगळा दोष गायकाचा आहे. या उन्हाळ्यासाठी रेयो सालोरान्ता याला ठरवलं. सुरात गातो, पण तांगो असा म्हणतो की जणू गाई पलीकडच्या काठाला हरवल्यात. आवाज कमीजास्त करायचं बटण करारानुसार त्याच्या पायाशी. मी कमी केलं की तो बुटाच्या टोकाने परत वाढवतो आणि माझ्याकडे बघून हसतो.

तू इतकी वर्षं जहाजावर आवाज सांभाळतोस. काहीतरी सुचव.

बाकी ठीक. "बायकांनी विचारायचं" या पाटीचे जळलेले दिवे बदलले. पाटी पेटलेली असताना गेल्या वर्षी पाद्र्यांच्या मेव्हण्याने एका बाईला नाचायला विचारलं होतं, त्याला मी हाताला धरून बाहेर काढलं, ते तुला आठवत असेल. शेतकरी सुलो दर शनिवारी येतो, एक बोट वर करतो, मी एक कॉफी देते. पाऊस बरा आहे.

हेल्वी

*

तुर्कू बंदर, १२ जून

प्रिय हेल्वी,

फोनवर तू "हं" नव्हे, "हं हं" म्हणाली होतीस. मला वाटलं होतं आपलं छान चाललंय.

या पत्राबरोबर मालगाडीने एक पेटी पाठवतो आहे. तिचं नाव कॉम्प्रेसर. आमच्या जहाजावर नवी आली, ही जुनी कपाटात पडून होती. ही पेटी नसती तर आमच्या गायिकेने वरची पट्टी लावल्याबरोबर स्वीडनच्या पेन्शनरांची कवळी ग्लासात पडली असती.

ती काय करते ते नीट वाच. ती आवाज ऐकत बसते. हळू असेल तर काही करत नाही. आवाजाने उंबरठा ओलांडला की त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला खाली बसवते. हा उंबरठा कुठे घालायचा ते पहिलं बटण ठरवतं. दुसरं बटण चारावर ठेव. म्हणजे रेयो उंबरठ्यापुढे चार पायऱ्या चढला तरी लोकांना तो एकच चढलेला ऐकू येईल. विसावर नेऊ नकोस, मग माणूस उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. तिसरं बटण, किती चटकन दाबायचं. फार चटकन दाबलंस तर शब्दाचं पहिलं अक्षर मरतं आणि "काळीज"चं "आळीज" होतं. चौथं, दाबलेलं किती सावकाश सोडायचं. घाईने सोडलंस तर गाणं धापा टाकल्यासारखं वरखाली होतं. पाचवं बटण सगळंच वर उचलतं. त्याला हात लावू नकोस, माइक शिट्टी मारील.

पेटी रेयोच्या पायाशी असलेल्या बटणाच्या पुढे लाव, म्हणजे त्याचा बूट तिच्यापर्यंत पोचणार नाही. पेटीच्या मागे तीन भोकं आहेत. पहिल्यातून गाणं आत जाऊ दे, दुसऱ्यातून बाहेर. तिसरं रिकामं सोड.

एक विचारतो, रागावू नकोस. तुझ्या पत्रात रेयोचा बूट आहे, रेयोचं हसणं आहे. तुला त्याच्या आवाजाचीच काळजी आहे ना? तू बावन्न वर्षांची आहेस आणि कोणाला उत्तर देणं लागत नाहीस, एवढंच म्हणतो.

आर्वो

*

कुइक्कालाम्पी, २६ जून

प्रिय आर्वो,

रेयोबद्दल जे लिहिलंस ते मी चुलीत घातलं. बाकीचं पान ठेवलं.

पेटी पोचली. खोक्यावर "कॉम्प्रेसर" असं लिहिलेलं स्टेशनवर सगळ्यांनी वाचलं, त्यामुळे मी घरी पोचायच्या आधी सुलो ट्रॅक्टरचं चाक घेऊन अंगणात उभा. बोलला काही नाही. मी खोकं उघडून दाखवलं, त्याने पेटीत हवा कुठून येते ते चारी बाजूंनी पाहिलं, आणि चाक ढकलत परत गेला.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन आला आणि जोडणीला मदत केली. तू म्हणालास तसंच सगळं केलं. शेवटी एक भोक उरलं आणि एक वायर उरली. कॉफीच्या खिडकीत मी "कॉफी तयार आहे" असं सांगायला माइक ठेवते, त्याची ती वायर. भोक रिकामं का सोडायचं ते तू लिहिलं नव्हतंस, आणि मला घरात काही उघडं ठेवलेलं आवडत नाही. दोघांची गाठ घालून दिली. वायर जरा सैल बसत होती, म्हणून सुलोने तिला डाख दिला आणि वर होडीला लावतात ते डांबर चोपडलं. आता ती भूकंपातही हलायची नाही.

युहान्नुसच्या सणाला पहिल्यांदा वापरलं. गर्दी भरपूर. रेयोने तांगो सुरू केला आणि अगदी पहिल्यासारखाच ओरडला. मला वाटलं, तुझी पेटी झोपली आहे. इतक्यात मास्तरीण केर्तू खिडकीशी आली आणि म्हणाली, "एक कॉफी आणि एक दालचिनीचा पाव." झालं! रेयो, अकॉर्डियन, ढोल, सगळे एकदम खाली बसले. जणू कोणीतरी त्यांच्यावर गोधडी टाकली. केर्तूचं बोलणं संपलं तसे ते हळूहळू उठून परत पहिल्यासारखे झाले. मग मी म्हटलं, "साखर हवी का?" पुन्हा खाली.

पहिला तासभर लोकांना वाटलं वादक सभ्य आहेत. कोणी बोलत असलं की थांबतात. मग कळलं की हे कॉफीमुळे होतंय. आता आपली माणसं कशी आहेत ते तुला माहीत आहे. आपल्या एका कपापायी सगळ्यांचा नाच बुडतो म्हटल्यावर लोक कॉफी मागेनातच. रांग लागली, पण कोणी बोलेना. बोटं दाखवायला लागले. पावासाठी मूठ, दुधासाठी हाताने पिळल्यासारखं. टपालवाल्याने साखरेसाठी काय केलं ते लिहीत नाही.

त्यावर वाट काढली पाद्र्यांच्या बायकोने. मी विचारलं, "नेहमीचंच का?" (रेयो खाली.) तिने आपल्याकडे म्हणतात तसा श्वास आत ओढत "हो" म्हटला. रेयो जागचा हलला नाही! आत ओढलेला हो पेटीला ऐकूच येत नाही. आता सगळा गाव खिडकीशी आत बोलतो. "एक कॉफी" सुद्धा लोक श्वास आत ओढत म्हणतात. दोन म्हाताऱ्यांना घेरी आली, पण विक्री पुन्हा सुरू झाली.

रेयो चिडला आहे. त्याला वाटतं मी त्याला कॉफी मागणाऱ्यांपुढे मान झुकवायला लावते. म्हणून तो मधल्या वेळात आणखी ओरडतो. आणि तो ओरडतो तेव्हा पेटी काहीच करत नाही. हे असं का?

सुलोला काही फरक पडला नाही. तो पूर्वीपासून बोटच वर करतो.

हेल्वी

*

तुर्कू, ५ जुलै

प्रिय हेल्वी,

तुझं पत्र मी जहाजाच्या खानावळीत मोठ्याने वाचलं. मला ते तीनदा वाचायला लावलं आणि दोन खलाशी आता आत ओढून बिअर मागतात.

चूक माझी आहे, कारण मी तुला ओळखतो आणि तरीही भोक का रिकामं सोडायचं ते लिहिलं नाही. तिसरं भोक पेटीचा कान आहे. तो रिकामा असेल तर पेटी आतल्या गाण्याकडेच कान लावून बसते. पण त्यात बाहेरची वायर घातली की ती गाण्याचं ऐकणं सोडून देते. मग बाहेरच्या वायरमधून आलेला आवाज मोठा झाला की ती गाण्याला दाबते. रेडिओवर निवेदक बोलायला लागला की गाणं मागे सरतं, ते याच्यामुळेच. म्हणजे तू आपल्या नाचघरात असं यंत्र बसवलंस की जे गावाने कॉफी मागितल्यावर तांगोचा गळा धरतं, आणि रेयोला मात्र मोकळं सोडतं.

उपाय सोपा. तिसऱ्या भोकातली वायर काढ. लगेच. पुस्तिनेन यायच्या आधी.

आता दुसरं. मी इथे चौकशी केली. रेयो सालोरान्ता पूर्वी आमच्याच मार्गावर गात होता. त्याला एक बायको तुर्कूत आहे आणि एक स्टॉकहोममध्ये, आणि दोघींना वाटतं की तो समुद्रावर आहे. तुला कळावं म्हणून लिहिलं. भाऊ म्हणून दुसरं काय करणार?

सुलो म्हणजे तोच ना, मृगाच्या शिकारीत दिवसभर माझ्याशेजारी बसला होता आणि संध्याकाळी म्हणाला, "मजा आली"? मला तेव्हा वाटलं तो जरा जास्तच बोलतो.

आर्वो

*

कुइक्कालाम्पी, ११ जुलै

आर्वो,

वायर निघत नाही. सुलोचा डाख आणि सुलोचं डांबर आहे ते. मी ओढली, सुलोने ओढली, शेवटी पेटी टेबलाला बांधून दोघांनी मिळून ओढली, तेव्हा टेबल सरकलं. त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, असू दे, चांगलं काम केलंस म्हणूनच निघत नाही. तो तरीही रात्री जेवला नाही असं त्याच्या बहिणीने सांगितलं.

पेटीच काढून टाकावी तर रेयो काट्याच्या पलीकडे जाणार हे ठरलेलं. मागच्या शनिवारी पेटी काढून पाहिली, तर डॉक्टर पलीकडून पांढरा टॉवेल हलवत होता. पेटी ठेवावी तर ती फक्त खिडकीशी कोणी बोललं तरच दाबते. रेयोला समजावलं, तर त्याने करार दाखवला.

आठवडा राहिला आहे. मी लाकडांचे भाव विचारले नाहीत, पण एकाने आपणहून सांगितले.

रेयोच्या बायकांचं मला का सांगतोस?

हेल्वी

*

स्टॉकहोम, १५ जुलै (तातडीने)

हेल्वी,

मग एकच रस्ता उरतो आणि तो लिहितानाही मला हसू येतं आहे. संध्याकाळभर त्या खिडकीतल्या माइकपुढे कोणीतरी सतत बोलत राहायचं. बोलणं चालू आहे तोवर रेयो खाली राहील. ते बोलणं कर्ण्यातून बाहेर येणार नाही, फक्त पेटीला ऐकू जाईल, म्हणजे काहीही बोललं तरी चालेल. चौथं बटण शेवटपर्यंत सावकाशीकडे फिरव. मग श्वास घ्यायला किंवा कॉफीचा घोट घ्यायला थांबलं तरी पेटी लगेच सोडणार नाही. त्याहून जास्त थांबलं तर रेयो वर येईल.

कुइक्कालाम्पीत संध्याकाळभर बोलणं! अख्ख्या गावाचं दहा वर्षांचं मिळून तेवढं होत नाही. मला सुट्टी मिळत नाही, नाहीतर मी आलो असतो, आणि आपण दोघांनी मिळून गप्प बसून नाचघर बुडवलं असतं.

हिंमत धर.

आर्वो

*

कुइक्कालाम्पी, २१ जुलै

प्रिय आर्वो,

सावकाश लिहिते, कारण मला सगळं क्रमाने सांगायचं आहे.

मी दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली: शनिवारी ताल्कोत, काम बोलण्याचं, वाटाण्याचं सूप मिळेल. मला वाटलं कोणी फिरकणार नाही. छप्पर घालायचं असतं, बटाटे काढायचे असते तर सगळे आले असते. पण बोलायचं?

आले. सगळे आले! मागच्या दाराशी रांग लावून उभे, नांगरणीला निघाल्यासारखी तोंडं करून. केर्तूने पाढे म्हणायला घेतले. ती सोळाच्या पाढ्यापर्यंत सहज गेली, पुढे अडली. पाद्र्यांनी युहान्नुसचं प्रवचन पुन्हा म्हटलं, आणि नंतर मला म्हणाले की कोणी ऐकत नसताना ते जास्त चांगलं होतं. टपालवाला आपल्या पित्ताशयावर बोलला. पाद्र्यांची बायको पाद्र्यांवर बोलली. आर्वो, माइक कर्ण्याला जोडलेला नव्हता, पण मी खिडकीतच उभी होते, आणि या एका संध्याकाळी मला जे कळलं ते मी थडग्यात घेऊन जाईन.

नाचाच्या चौकात मात्र कमाल झाली. रेयो शिरा ताणून गात होता आणि बाहेर असं ऐकू येत होतं जणू शेजारच्या घरात कोणी बाळाला झोपवतंय. लोक नाचत होते आणि त्यांच्या बुटांचा फळ्यांवर घासल्याचा आवाज येत होता. बाबा सांगायचे तोच आवाज. मी पहिल्यांदा ऐकला.

पुस्तिनेन धक्क्यावर यंत्र घेऊन उभा. चांगला माणूस, अंगावर डास बसले तरी हलत नव्हता. पहिला हात वर झाला तो टपालवाल्यामुळे. पित्ताशय संपलं आणि पुढचा माणूस येईपर्यंत सगळे एकमेकांना "तुम्ही आधी" म्हणत राहिले, तेही आत ओढून! दुसरा हात दुकानदारामुळे. त्याने दोन वाक्यं बोलून "एवढंच" म्हटलं आणि तो निघून गेला. मग रांगेत कोणीच उरलं नाही. सगळ्यांचं बोलून संपलं होतं. पाद्री घसा धरून बसले होते. अजून चार गाणी राहिली होती, रेयो वर यायला लागला होता, आणि पुस्तिनेन काट्याकडे बघत होता.

तेव्हा सुलो आला. एक बोट वर केलं. सवयीने मी कप भरला. त्याने कप बाजूला सारला, माइकपुढे वाकला आणि बोलायला लागला.

दूध काढायच्या यंत्राबद्दल सुरू केलं. की ते कॉम्प्रेसरच्या उलट असतं, हवा दाबत नाही, ओढून घेतं. मग ओल्या शेतातला चर कुठून न्यायचा. मग त्याचा कुत्रा कोणत्या डब्याला घाबरतो. आर्वो, तो इतका छान बोलतो! हळू नाही, मोठ्याने नाही, एकसारखा, मधे थांबत नाही. पेटी दाबते तेव्हा पेटणाऱ्या दिव्याने एकदाही डोळा मिटला नाही. मी कपात साखर घालत होते आणि ढवळत होते, आणि तो कप कोणाचाच नव्हता. एक गाणं झालं, दुसरं सुरू झालं.

मग तो कॉफीवर आला. म्हणाला, "तुझी कॉफी पातळ असते. मला पातळ आवडत नाही."

मी म्हटलं, इतकी वर्षं का पितोस मग?

म्हणाला, "मला दोन बोटं वर करायची होती. एक कप तुला. पण दोन केली असती तर तू दोन कप दिले असतेस आणि विचारलं असतंस, दुसरा कोणाचा. मग बोलावं लागलं असतं. म्हणून दर वेळी एकच केलं."

तो पुढे म्हणाला की वायरला डाख त्याने मुद्दाम घट्ट दिला होता. पेटीचं त्याला काही कळत नव्हतं, पण माझ्या नाचघरात त्याच्या हातचं एक काम तरी कायमचं राहावं असं त्याला वाटलं. ते निघत नाही म्हणून नाचघर बुडेल असं कळलं तेव्हापासून त्याला झोप नाही.

आणि मग तो म्हणाला, "यापुढचं मला विचारता येत नाही. पाटी पेटली आहे."

आणि गप्प झाला.

मी वर पाहिलं. "बायकांनी विचारायचं." माझ्याच हाताने बदललेले दिवे, एकूण एक पेटलेले. नियम माझा, मेव्हण्याला बाहेर काढणारी मी. सुलो हात मागे बांधून उभा, जणू पाटी विझेपर्यंत रविवार उजाडला तरी उभा राहील. चौकात रेयो उठायला लागला. आधी अकॉर्डियन आलं, मग ढोल, मग तो स्वतः, गाई हरवल्यासारखा. धक्क्यावर पुस्तिनेनने बाही सरळ केली.

मी माइकमध्ये म्हटलं, "सुलो, माझ्याशी लग्न करशील का?"

एवढ्याने रेयो जरा बसला. सुलोने माझ्याकडे पाहिलं, डोळे भरले, आणि श्वास आत ओढत म्हणाला, "हो."

आत! पेटीला काही कळलं नाही. रेयो परत चढला. पुस्तिनेनचा हात खांद्याच्या वर आला होता.

मी ओरडले, "बाहेर, सुलो! बाहेर सोडून म्हण!"

तो क्षणभर गोंधळला. मग त्याने छाती भरून घेतली आणि बाहेर म्हणाला, "हो." रेयो खाली बसला. पण एक हो त्या पेटीला पुरत नाही, तो सरला की ती परत सोडायला लागते. म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. हो, हो, हो, माइक दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून. गाणं संपलं, मला वाटलं थांबेल. थांबला नाही. आपल्याकडे जोडीदाराबरोबर दोन गाणी करायची रीत, म्हणून शेवटचं गाणंही तो हो म्हणतच राहिला. मी मागच्या दारातून नाचघरात आले आणि त्याच्याशेजारी उभी राहिले. लोक नाचत होते. मला त्या वेळी कोणी काही विचारलं असतं तर मी रडले असते, पण आपल्याकडे कोणी विचारत नाही.

पुस्तिनेनने तिसरा हात वर केला नाही. जाताना खिडकीशी आला, कॉफी प्याला आणि म्हणाला की मर्यादेत आहे. डॉक्टर होडी वल्हवत अलीकडे आला होता, कारण पलीकडे काहीच ऐकू येत नाही अशी त्याची तक्रार होती. रेयोबद्दल गावच्या पेपरात छापून आलंय की त्याला अखेर संयम सापडला. आता त्याला तो करारात हवा आहे. त्याच्या बायका त्याला लखलाभ, तू आता तरी तो विषय सोड.

नाचघर राहिलं. लग्न २३ ऑगस्टला, नाचघरातच. तू ये.

हेल्वी

*

तुर्कू, २८ जुलै

प्रिय हेल्वी,

तुझं पत्र मी खानावळीत वाचलं नाही. केबिनचं दार लावून वाचलं.

येतो. सुट्टी मागितली नाही, सांगितली. येताना नवी पेटी आणणार नाही. ती डांबर लावलेलीच राहू दे, आणि लग्नात पाद्र्यांनी प्रश्न विचारला की सुलोच्या तोंडापुढे माइक ठेव, म्हणजे बाहेर म्हणेल. कॉफी मात्र जरा घट्ट कर.

काल मी तुला फोन केला होता. तू उचललास, मी "हं" म्हणालो, तू "हं" म्हणालीस, मग आपण दोघं नेहमीसारखे गप्प बसलो. शेवटी मी विचारलं की तू सुखात आहेस ना. तू काही बोलली नाहीस. तुला वाटलं असेल मला ऐकू गेलं नाही, कारण लगेच "ठेवते" म्हणालीस.

ऐकू आलं. तू श्वास आत ओढलास. तो पेटीला कळत नाही, मला कळतो.

आर्वो